रेषा उतरली, किंमत नाही


वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशासाठी २०२३ साली ‘नीट’ची पात्रता-रेषा शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. परीक्षेस बसलेला प्रत्येक डॉक्टर पात्र ठरला. गुणवत्ता बुडाली, अशी ओरड झाली. ती अपुरी आहे. कमी गुण मिळालेला डॉक्टरही एम.बी.बी.एस. उत्तीर्णच असतो.

खरा प्रश्न पुढेच आहे. शरीररचनाशास्त्रासारख्या विषयांच्या जागा रिकाम्या राहतात. कारण त्यांत खाजगी व्यवसायाची कमाई नाही. कमाईच्या विषयांतील अभिमत विद्यापीठांच्या महागड्या जागा मात्र पैसेवाल्यांसाठीच उरतात. सारख्याच कमी गुणांच्या दोघांत धनिकाचा मुलगा विषय निवडतो, शेतमजुराची मुलगी परत फिरते.

रेषा उतरली, किंमत उतरली नाही. आपला लढा त्या शुल्काशी असला पाहिजे.