पालकांचा मानसिक ताण आणि दूरध्वनीवरील समुपदेशन

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील व्याख्यानाचा मजकूर)



वर्गातील एखादे मूल गृहपाठ न करता येऊ लागले, बसल्या जागी पेंगू लागले किंवा क्षुल्लक कारणावरून सोबत्याच्या अंगावर धावून जाऊ लागले, म्हणजे शिक्षकाचे लक्ष प्रथम त्या मुलाकडे जाते आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि अशा वर्तनाचे मूळ पुष्कळदा घरात असते, हे अनुभवी शिक्षकास ठाऊक असते. घरात दीर्घ आजारपण असेल, कर्जाचा तगादा असेल, बापास व्यसन असेल किंवा आईला महिनोन्महिने धड झोप लागत नसेल, तर त्याची झळ मुलास लागल्यावाचून राहत नाही. अशा वेळी मुलास शिक्षा केल्याने घरातील ताण कमी होत नाही. उलट त्यात भरच पडते. यास्तव पालकाच्या मनःस्वास्थ्याचा विचार हा प्राथमिक शिक्षणाच्या कक्षेतील विचार आहे.

ताण प्रत्येक संसारात असतो. पेरणीच्या दिवसांत, लग्नकार्यात, आजारपणात तो वाढतो आणि प्रसंग सरला की उतरतो. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास राहणे, झोप व भूक हरपणे, नेहमीच्या कामात गोडी न वाटणे, कारणावाचून रडू येणे, मुलांवर वारंवार हात उगारला जाणे ही लक्षणे दिसू लागली, म्हणजे ‘स्वभावच तसा’ असे म्हणून ती बाब सोडून देता येत नाही. बंगळूर येथील ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत सर्वेक्षण केले. त्यात दर १०० प्रौढांपैकी सुमारे १० ते ११ जणांस त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आणि त्यांतील बहुसंख्यांना उपचार मिळत नसल्याचे आढळून आले.

उपचार न मिळण्याची कारणे ग्रामीण शिक्षकास सांगावयास नकोत. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय रुग्णालयात जावयाचे म्हटले तरी एक दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे पडते आणि गावात चर्चा होते ती वेगळीच. त्यामुळे माणूस दुखणे अंगावर काढतो.

ही अडचण काही अंशी दूर व्हावी म्हणून केंद्र शासनाने जागतिक मानसिक आरोग्य दिनी, १० ऑक्टोबर २०२२ रोजी, ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ हा आहे. १८००-८९१-४४१६ या क्रमांकावरही ती मिळते. सेवा विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालू असते आणि मराठीतून बोलता येते. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलणे ऐकून घेतो व धीर देतो. आवश्यकता वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञाशी गाठ घालून दिली जाते, अथवा जवळच्या रुग्णालयाचा मार्ग दाखविला जातो. २०२४ साली १० ऑक्टोबरलाच या सेवेचे मोबाईल ॲपही निघाले. तथापि ॲप नसले तरी काही अडत नाही. आईबाप ऊसतोडीस गेल्यावर नातवंडांना सांभाळणाऱ्या आजीच्या हाती साधा बटणांचा फोन असला, तरी तिला या क्रमांकावर बोलता येते.

खाजगी रीतीने ऑनलाइन समुपदेशन करणारेही आज पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे जाणाऱ्या पालकाने प्रथम त्यांचे नाव, शिक्षण व नोंदणी क्रमांक विचारावा. दूरस्थ उपचारासंबंधी मार्च २०२० मध्ये निघालेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक रुग्णास कळविणे बंधनकारक आहे. जो हे सांगावयास टाळाटाळ करतो, त्याच्याकडे पैसे भरू नयेत.

आता खऱ्या अडचणीकडे वळू. पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो घरधन्याच्या किंवा थोरल्या मुलाच्या हाती असतो. घर दोन खणांचे. सासू ओटीवर, मुले आत, शेजारीण दारात. अशा ठिकाणी मनातील गोष्ट बोलावयाची कशी? पूर्वीच्या काळी पहाटे दळताना बाई आपले सुखदुःख जात्यापाशी बोलत असे. जाते ऐकत असे आणि ऐकलेले कोणास सांगत नसे. आता जाते गेले आणि बाईचा तो एकांतही गेला. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली संमत झाला व २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याने रुग्णाची माहिती गुप्त राखण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्यांवर टाकली आहे. परंतु घराला एकच खोली असेल, तर तिचे दार कायद्यास लावून घेता येत नाही.

ते दार शाळेजवळ आहे. शाळा सुटल्यानंतर अर्धा तास एक खोली, एक खुर्ची आणि लागल्यास फोन एवढे दिले, तरी एखाद्या मातेची अथवा पित्याची मोठी सोय होईल. पालक फोनवर बोलत असता शिक्षकाने तेथे थांबू नये. काय बोलणे झाले ते विचारू नये. त्याची नोंद कोणत्याही वहीत करू नये आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे त्याचा उच्चारही होऊ देऊ नये. एकदा विश्वास उडाला, म्हणजे त्या खोलीत दुसरे कोणी पाऊल ठेवणार नाही.

गोष्ट काढावी कशी, असाही प्रश्न पडेल. मुलाच्या तक्रारीपासून आरंभ केल्यास पालक संकोचतो. त्यापेक्षा ‘ताई, आठ दिवस झाले, मुलगी गप्प गप्प असते. घरी सर्व ठीक आहे ना? तुमची झोप होते ना?’ एवढे विचारावे आणि ऐकून घ्यावे. उपदेश करू नये. दुसऱ्यांच्या दुःखांची उदाहरणे देऊ नयेत. ‘डोक्यावर परिणाम’ असले शब्द तर उच्चारूच नयेत. शिक्षक हा चिकित्सक नव्हे. त्याचे काम क्रमांक हाती देऊन वाट दाखविण्याचे आहे.

कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलू लागल्यास मात्र क्षणाचाही विलंब करू नये. ‘जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलणाऱ्यास मोकळे वाटते. त्या व्यक्तीस एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशक हाताशी राहू देऊ नये आणि १४४१६ किंवा ११२ या क्रमांकावर तत्काळ कळवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. मुलास मारहाण होत असल्याचे किंवा त्याचा छळ होत असल्याचे दिसल्यास १०९८ या बालमदत क्रमांकावर कळविण्यास संकोच करू नये. तेथे गुप्ततेपेक्षा मुलाची सुरक्षितता मोठी.

दूरध्वनीने कर्ज फिटत नाही, पाऊस पडत नाही, की व्यसन एका दिवसात सुटत नाही. गंभीर आजारात डॉक्टरांची प्रत्यक्ष भेट घ्यावीच लागते. परंतु मनावरचा भार ज्याला कोठे तरी उतरविता येतो, तो पालक मुलावर हात उगारण्यापूर्वी थांबतो, आणि मुलास त्या थांबण्याचीच गरज असते.

तेव्हा पुढील पालकसभेपूर्वी प्रत्येक शाळेने दोन गोष्टी कराव्यात. १४४१६ हा क्रमांक दर्शनी फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावा आणि शाळा सुटल्यावर कोणती खोली मोकळी ठेवता येईल ते ठरवावे. या दोन्हींस निधीची वा मंजुरीची आवश्यकता नाही.