गिरणगाव आणि आपली मुले



आज लालबाग-परळच्या ज्या पट्ट्यात टोलेजंग इमारती दिसतात, तिथे पूर्वी गिरणीच्या भोंग्यावर दिवस उगवे. कावसजी दावर यांची ताडदेवची सूतगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. मागोमाग गिरण्या वाढल्या आणि गिरणगाव वसले. कोकणातून व घाटावरून माणसे आली, तसेच उत्तर हिंदुस्थानातून आपले मोमीन विणकरही आले. मदनपुऱ्यात त्यांचे हातमाग खडखडू लागले. पुष्कळजण गिरण्यांच्या विणाई खात्यांत शिरले. हातात हुनर होते, म्हणून परक्या शहरात चूल पेटली. हे ऋण विसरता येणार नाही.

परंतु या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. गिरण्यांत लहान मुले भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या लावीत. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली. पण त्यावरच्या मुलांना नऊ तास राबवण्याची मुभा राहिली. वयाची ही अट १८९१ मध्ये नऊ, १९२२ मध्ये बारा आणि १९४८ मध्ये चौदा वर्षे झाली. म्हणजे सातावरून चौदावर यायला सदुसष्ट वर्षे लागली! नारायण मेघाजी लोखंडे यांनी चळवळ केली, तेव्हा कुठे १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुटी मिळाली.

हे कायदे गिरणीच्या फाटकापर्यंत पोहोचले. घरच्या मागाशेजारी कांड्या भरणाऱ्या मुलाला मात्र त्यांनी विचारले नाही. आजचा कायदाही पाहा. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला नोकरीवर ठेवण्यास बंदी आहे. पण शाळा सुटल्यावर किंवा सुटीत, धोका नसलेल्या घरच्या धंद्यात त्याने मदत केली तर चालते. ती मदत कुठे संपते आणि मजुरी कुठे सुरू होते, हे पाहायला घरात कोणी इन्स्पेक्टर येत नाही. तो निर्णय आई-वडिलांचा.

आणि धंद्याचा तरी काय भरवसा? १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर अनेक गिरण्या सावरल्याच नाहीत. वर्षानुवर्षे साचा चालवलेले हात एकाएकी रिकामे झाले.

मेहनतीची रोजी ही इज्जतीचीच रोजी. मुलाने बापाचा हुनर अवश्य शिकावा. पण शाळा सोडून नव्हे. हिशेब, करार, कायदा आणि यंत्राची माहितीपुस्तिका ज्याला वाचता येते, त्याला एक धंदा बुडाला तर दुसऱ्याचा दरवाजा ठोठावता येतो. मुलींच्या बाबतीतही हेच. भावाच्या फीसाठी बहिणीची शाळा थांबवू नका.

बदरुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये याच मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. गिरण्यांचे भोंगे थांबले. शाळेची ती घंटा अजून वाजते आहे. पालकहो, आपल्या घरापर्यंत तिचा आवाज येऊ द्या, एवढीच विनंती.

खुदा हाफिज. जय हिंद!