खुराड्याची फट आणि खेळती हवा



शहापूर तालुक्यात भातसा नदीच्या काठी वसलेल्या सापगावच्या परिसरात भातशेती हा कुटुंबाचा मुख्य आधार आहे. भाताचा पैसा वर्षातून एकदा हाती येतो. परंतु मुलांच्या वह्या, औषधपाणी आणि तेलमीठ यांसाठी रोख रक्कम बारमाही लागते. अनेक घरांत ही गरज परसातील कोंबड्या भागवितात, आणि तो पैसा बहुधा घरच्या गृहिणीच्या हाती राहतो. म्हणूनच खुराड्याच्या फळ्यांमधील फट ही क्षुल्लक बाब मानता येणार नाही.

पावसाळ्यात लाकूड फुगते आणि पुढे कोरड्या हवेत आकसते. त्यामुळे नेमक्या थंडीच्या तोंडावर फळ्यांमध्ये फटी पडतात. पिलांच्या अंगावर पुरती पिसे आलेली नसतात. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे ती दर आठवड्यास सुमारे ३ अंशांनी कमी करता येते. रात्री फटीतून गार वारा येऊ लागला की पिले एका कोपऱ्यात गोळा होतात आणि खालची पिले गुदमरून मरतात. मोठ्या कोंबड्या थंडी सोसतात, परंतु झोत आणि ओल एकत्र आल्यास खाल्लेले धान्य अंग ऊबदार ठेवण्यातच खर्ची पडते व अंडी घटतात.

फटीचा दुसरा धोका गोचिडीचा. कोंबड्यांची गोचीड दिवसा लाकडाच्या भेगांत दडते आणि रात्री बाहेर येऊन रक्त शोषते. तिसरा धोका मुंगूस, साप आणि घुशीचा.

मात्र यावर सारे खुराडे प्लॅस्टिकने गुंडाळणे हा उपाय नव्हे. विष्ठेतून निघणारा अमोनिया व ओल आत कोंडली, तर पक्ष्यांचे डोळे आणि श्वसनमार्ग बिघडतात. खुराड्यात वाकताच मालकाच्या डोळ्यांना झोंबले, तर हवा अपुरी आहे असे समजावे. नियम सोपा आहे: कोंबड्या बसतात त्या पातळीपर्यंत भिंत बंद असावी, आणि छपराखाली अर्ध्या इंचाची जाळी लावून हवेला वाट ठेवावी.

फटी शोधण्यासाठी दिवसा आतून पाहावे. जेथे उजेड दिसेल तेथे खडूने खूण करावी. सायंकाळी पेटती उदबत्ती गवत व तुसापासून दूर धरून भिंतीलगत फिरवावी. धूर वळेल तेथे वारा शिरतो. त्यानंतर पक्षी बाहेर काढून फळ्या घासून धुवाव्यात आणि पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने भेगांत गोचीडनाशक वापरावे. खुराडे सुकल्यावर फटींवर लाकडी पट्ट्या ठोकाव्यात. पट्टीचे खिळे एकाच फळीत मारावेत. म्हणजे दुसरी फळी फुगली किंवा आकसली तरी पट्टी तडकत नाही. कुडाच्या भिंतीला शेणमातीचे लिंपण पुरेसे होते. लाकडास चुन्याचा हात द्यावा. जमिनीवर भाताच्या तुसाचा कोरडा थर पसरावा. ओला भाग लगेच काढून टाकावा. पावसाच्या माऱ्याच्या बाजूस गोणपाटाचा पडदा असा बांधावा की वरची हवेची वाट मोकळी राहील.

फेब्रुवारी २०२२ मध्ये याच तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळला आणि एक किलोमीटर परिसरातील सुमारे २५ हजार पक्षी नष्ट करावे लागले. दुरुस्त केलेले खुराडे अशा साथीपासून पूर्ण संरक्षण देत नाही. तथापि, जाळीमुळे रानपक्षी आत येत नाहीत व खाद्य सुरक्षित राहते. राणीखेत रोगाची लस वेळेवर टोचून घेणे आणि अचानक मर झाल्यास तत्काळ दवाखान्यास कळविणे, ही कर्तव्ये वेगळीच आहेत. मेलेले पक्षी नदीत किंवा उघड्यावर टाकू नयेत.

या कामास मोठ्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. थोड्या पट्ट्या, मूठभर खिळे आणि एक मोकळा दिवस पुरतो. शिक्षकांनी शाळेच्या परसबागेत एक नमुना खुराडे उभारावे. सदस्यांनी दिवाळीपूर्वी वाडीवाडीतील खुराड्यांची पाहणी करावी. अधिकाऱ्यांनी लसीकरणाच्या फेरीतच या फटी दाखवून द्याव्यात. थंडीपूर्वी बुजविलेली फट गरिबाघरची पिले वाचविते. आणि वाचलेली पिले म्हणजेच त्या घराचा पुढील वर्षाचा मीठमसाला होय.