बाळाचा पहिला श्वास



आज बोलायचे आहे ते नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या काळजाविषयी. काळीज म्हणजे छातीत धडधडते ते हृदय. खाटकाकडे काळीज म्हणून मिळते ते यकृत, ते वेगळे.

हा विषय काढायला कारण आहे. गावोगाव दोन तऱ्हेच्या गोष्टी आमच्या कानी येतात. कुठे सासूबाई म्हणतात, “पोट कापून काढलेलं पोर काळजाचं कच्चं राहतं. माझ्या सुनेला कापू द्यायची नाही.” कुठे याच्या अगदी उलट. बाई धडधाकट, मूल पोटात सरळ, पण घरची मंडळी पंचांग घेऊन दवाखान्यात जातात आणि म्हणतात, “डॉक्टरसाहेब, अमक्या दिवशी अमक्या वाजता मूल काढा. मुहूर्त चांगला आहे.” दोन्ही घरी बाळावर मायाच असते. पण दोन्ही घरी बाळाच्या जिवाला धोका होतो. कसा, ते आता बघू.

आईच्या पोटात बाळाला हवा नसते. त्याची फुप्फुसे पाण्याने भरलेली असतात. मग त्याला प्राणवायू मिळतो कुठून? आईच्या रक्तातून. तो वारेत येतो आणि नाळेवाटे बाळाला पोचतो. फुप्फुसांना तेव्हा काम नाही. म्हणून काळीज त्यांच्याकडे थोडेच रक्त धाडते. बाकीचे रक्त दोन आडवाटांनी निघून जाते. एक आडवाट म्हणजे काळजाच्या वरच्या दोन कप्प्यांमधली खिडकी. तिला एकाच बाजूला उघडणारा पडदा असतो. दुसरी आडवाट काळजाच्या बाहेर असते. फुप्फुसांकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी आणि सगळ्या अंगाला रक्त देणारी मोठी रक्तवाहिनी, या दोघींना जोडणारी ती एक आखूड नळी.

ज्यांनी रात्रीबेरात्री मळ्यात दारे धरली आहेत, त्यांना हे लवकर उमजेल. एका वाफ्याला पाणी नको असेल तर आपण त्याचे दारे बांधतो आणि पाटाचे पाणी पुढे लावतो. बाळाच्या अंगातही तसेच चालते. फुप्फुसांचा वाफा बांधलेला असतो आणि रक्त पुढे जाते. (गाईच्या पोटातल्या वासराचीही हीच तऱ्हा.)

आता बाळ जन्मते. ते रडते. त्याच्या छातीत हवा शिरते, फुप्फुसे फुलतात आणि त्यांच्यातल्या आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात. दारे फुटले! रक्त फुप्फुसांत धावते, तिथून काळजाच्या डाव्या बाजूला येते. डावीकडे रक्ताचा जोर वाढला की खिडकीचा पडदा दाबला जाऊन बंद होतो. बाहेरची आखूड नळीही आवळू लागते आणि पुरत्या दिवसांच्या बाळात ती बहुधा दोन-तीन दिवसांत मिटते. जो पाट नऊ महिने एका दिशेने वाहिला, तो काही मिनिटांत फिरतो. माणसाच्या सगळ्या जन्मात काळजावर एवढा मोठा पालट पुन्हा येत नाही. हे एकदम होत नाही हेही ध्यानात घ्या. जन्मल्यावर पहिल्या मिनिटाला चांगल्या बाळाच्या रक्तातही प्राणवायू कमीच असतो. तो पुरेसा भरायला सात-आठ, कधी दहा मिनिटे लागतात.

मग कळा देऊन झालेले बाळ आणि पोट कापून काढलेले बाळ यांत फरक काय?

कळा म्हणजे नुसता आईला त्रास नव्हे. कळा सुरू झाल्या की बाळाच्या अंगातही खबर पोचते. त्याच्या रक्तात काही रस उतरतात. आपण घाबरलो, धावलो की आपल्या अंगात जो रस सुटतो, त्याच जातीचे हे रस. ते फुप्फुसांना सांगतात, “पाणी शोषून घ्या, हवा यायची वेळ झाली.” वाट अरुंद असते, तिथे छाती दाबली जाऊन थोडे पाणी तोंडावाटे निघते हे खरे. पण मोठे काम या रसांचे आहे. त्यामुळे कळा सोसून आलेल्या बाळाची फुप्फुसे बरीचशी कोरडी असतात. रक्ताला वाट लवकर मिळते आणि काळजावरचा भार लवकर उतरतो.

एकही कळ येण्याआधी बाळ काढले, तर ही खबर त्याला मिळालेलीच नसते. फुप्फुसांत पाणी जास्त राहते. बाळ भराभर श्वास घेते. फुप्फुसांकडच्या रक्तवाहिन्या सावकाश मोकळ्या होतात, म्हणून काळजाच्या उजव्या बाजूला पहिले काही तास जास्त जोर लावावा लागतो. बहुतेक बाळे दोन-तीन दिवसांत सावरतात. म्हणजे सासूबाईंचे म्हणणे खरे नाही. काळीज जन्मभर कच्चे वगैरे राहत नाही. पण थोड्या बाळांत फुप्फुसांचे दारे नीट फुटतच नाही. रक्त पुन्हा जुन्या आडवाटांनी जाऊ लागते. बाळ निळे पडते. त्याला मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत, यंत्राच्या श्वासावर ठेवावे लागते आणि तरी काही वेळा ते हाती लागत नाही.

दिवस जितके अपुरे, तितका हा धोका जास्त. आपल्याकडे नऊ महिने नऊ दिवस म्हणतात. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 40 आठवडे, म्हणजे 280 दिवस मोजतात. दोन्ही हिशेब जवळजवळ एकच. तेव्हा घाईचे कारण नसेल, तर 39 आठवडे भरण्याआधी बाळ काढू नये, असे डॉक्टरी शास्त्र सांगते. पंचांगातली घटका साधायला दोन आठवडे आधी काढलेल्या बाळाला तो मुहूर्त महागात पडू शकतो.

पण कारण असेल तेव्हा? मूल आडवे असेल किंवा वार खाली तोंडाशी असेल, तर शस्त्रक्रियेवाचून गती नाही. आणखी एक कारण खुद्द बाळाचे काळीजच सांगते. कळा चालू असताना नर्सबाई दर अर्ध्या तासाने पोटाला नळी किंवा यंत्र लावून ऐकतात. बाळाचे ठोके मिनिटाला 110 ते 160 असावेत. प्रत्येक कळेला वारेतले रक्त थोडे अडते. सुदृढ बाळ ते सोसते. पण ठोके खाली गेले आणि वर येईनात, तर प्राणवायू तुटतो आहे असे समजावे. अशा वेळी “थोडी वाट बघू, मामंजींना विचारून येतो” म्हणत तास घालवला, की मग मूल वाचले तरी मेंदूला इजा होऊ शकते. इथे चाकू हाच बाळाचा सोबती. 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट आहे, शस्त्रक्रियाही फुकट आहे. पैशासाठी अडू नका.

बाळ कसेही जन्मो, पुढची काही कामे सारखीच. बाळ रडत असेल तर नाळ बांधायला एक ते तीन मिनिटे थांबतात. वारेतले रक्त तेवढ्यात बाळाला मिळते आणि फुप्फुसे फुलेपर्यंत काळीज रिकामे पडत नाही. बाळाला कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवावे, वरून पांघरूण घालावे. गारठ्याने फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या पुन्हा आवळतात. म्हणून पहिल्या दिवशी अंघोळ नको; आजीबाईंना राग आला तरी नको.

हातपाय पहिल्या दिवशी थोडे निळसर दिसले तर घाबरू नका. पण जीभ आणि ओठ निळे दिसले, मिनिटाला साठाहून जास्त श्वास चालले, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, बाळ कण्हू लागले, किंवा दूध पिताना घामाघूम होऊन दमू लागले, तर रात्र असली तरी निघा. गाडीसाठी 102 किंवा 108 लावा.

कधी आडवाट मिटतच नाही, कधी काळजाच्या भिंतीला जन्मतःच भोक असते. अशा मुलांची तपासणी करणारी सरकारी योजना 2013 साली आपल्या पालघरहून सुरू झाली. तिचे डॉक्टर अंगणवाडीत आणि शाळेत येतात, आणि गरज पडली तर काळजाची शस्त्रक्रियाही फुकट करवून देतात. ते कधी येणार, हे आशाताईंना विचारून ठेवा.