प्रा. सी. डी. देशपांडे : भूमीचे वाचन शिकविणारे अध्यापक

नद्या, पर्वत आणि राजधान्या यांची नावे पाठ करणे म्हणजे भूगोल, हा समज आपल्या शाळांतून दीर्घकाळ रूढ होता. मुंबई विद्यापीठाच्या भूगोल विभागाचे प्रमुखपद भूषविलेले प्रा. सी. डी. देशपांडे यांच्या कार्याने या समजाला छेद दिला. भूमी, पाणी, पीक, बाजार आणि माणूस यांचा परस्परसंबंध त्यांनी अभ्यासविषय केला.

त्यांच्या आरंभीच्या संशोधनाचा विषयच बोलका आहे. तत्कालीन मुंबई इलाख्याच्या कानडी मुलखातील बाजारगावे व नियतकालिक बाजार यांवरील त्यांचा निबंध १९४१ साली प्रसिद्ध झाला. विद्वानांचे लक्ष सहसा न जाणाऱ्या आठवडी बाजाराला त्यांनी शास्त्राच्या कक्षेत आणले. १९४८ मध्ये पश्चिम भारताच्या प्रादेशिक भूगोलावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. तर १९७१ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने त्यांचे महाराष्ट्राच्या भूगोलावरील इंग्रजी पुस्तक प्रकाशित केले.

महानगराचा भोवतालच्या प्रदेशावर कोणता परिणाम होतो, हा प्रश्न त्यांनी बी. अरुणाचलम व एल. एस. भट यांच्यासमवेत हाताळला. दक्षिण कुलाब्याविषयीचा हा अभ्यास १९८० साली ग्रंथरूप झाला. पुढील वर्षी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. प्रश्न मात्र तोच राहिला.

अंबरनाथजवळच्या पालेगावात तो आज प्रत्यक्ष दिसतो. एकीकडे सह्याद्रीतून येणारी उल्हास नदी व बारवी धरण, तर दुसरीकडे लोहमार्ग, औद्योगिक वसाहत आणि वाढती नागरी वस्ती. भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहतात, तेव्हा पावसाचे पाणी कोठे मुरणार व कोठून वाहणार, हे आधी ठरवावे लागते. जुलै २००५ आणि जुलै २०१९ मधील उल्हासच्या पुरांनी बदलापूर परिसराला याची कठोर जाणीव करून दिली.

यावरचा उपाय शाळेपासून सुरू होऊ शकतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावाचे ओढे, विहिरी, तळी, उतार व पूररेषा यांचा नकाशा करून घ्यावा. पंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी बांधकामाचा निर्णय घेण्यापूर्वी तो समोर ठेवावा. ओढा एकदा बुजला, की तो पुन्हा मोकळा करणे फार महाग पडते. प्रा. देशपांडे यांच्या अध्ययनाचा वारसा जपण्याचा याहून उचित मार्ग नाही.