पान लावताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वर्तमानपत्राच्या कचेरीत ‘पान लावणे’ असा एक शब्दप्रयोग आहे. बाहेरच्या माणसाला त्यातून विडाच आठवतो. कॉलेजात असताना एकदा रात्री उशिरा घरी पोचले आणि ‘पान लावत बसलो होतो’ असं सांगितलं, तर आजीने आधी माझी जीभ बघितली! पान लावणे म्हणजे आलेल्या बातम्या, छायाचित्रं, जाहिराती आणि चौकटी यांना कागदावर जागा नेमून देणं. कोण वर, कोण खाली, कुणाला तीन कॉलम, कुणाला एक. हे काम वाचकाच्या लक्षात येत नाही आणि पान चांगलं लागलं असेल तर मुळीच येत नाही. तो सरळ बातमी वाचायला लागतो.

मराठी पत्रकारितेत हा विचार पहिल्या अंकापासून आहे. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघालं. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारच्या स्तंभांत असे. आपला वाचक कोण, हे त्या दोन स्तंभांनीच सांगून टाकलं होतं.

मी हे काम शिकले सीबीडी बेलापूरमध्ये, २००१ ते २००३ या काळात, आम्ही विद्यार्थी काढत असू त्या एका मासिक वर्तमानपत्रात. टॅब्लॉइड आकाराची चार पानं. म्हणजे प्रत्यक्षात एकच मोठा कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला आणि मधोमध दुमडलेला. अशा अंकात पहिलं आणि चौथं पान कागदाच्या एका बाजूला येतं, दुसरं आणि तिसरं दुसऱ्या बाजूला. त्यामुळे जादा रंगाचे पैसे एकाच बाजूपुरते असले, तर लाल मथळा पहिल्या आणि चौथ्या पानालाच मिळणार. ही साधी गोष्ट कळली की अंकाचा अर्धा आराखडा आपोआप ठरतो.

कॉलेजच्या संगणक कक्षात पेजमेकर होतं. ॲल्डस कंपनीने ते १९८५ मध्ये बाजारात आणलं. त्याच्या आधी वर्तमानपत्रांतून मजकुराच्या ब्रोमाइड पट्ट्या कापून, चिकटवून पान तयार होई. मुंबईतल्या एका दैनिकात आयुष्यभर हेच पेस्टिंग करून निवृत्त झालेले एक गृहस्थ बेलापूरला राहायला आले होते. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. संगणकाला ते हात लावत नसत. खिशात स्टीलची पट्टी, कानावर पेन्सिल. बारा पॉइंटांचा एक पायका, सहा पायकांचा साधारण एक इंच, हा हिशेब त्यांच्या बोटांत होता.

मामांनी पहिली शिकवण दिली ती ओळींमधल्या अंतराची. शिशाच्या खिळ्यांच्या काळात दोन ओळींमध्ये शिशाची पट्टी घालत, म्हणून त्याला ‘लेडिंग’ म्हणतात. पेजमेकर स्वतःहून जे अंतर देई ते इंग्रजीच्या बेताचं होतं. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार. खाली उकार आणि ऋकार. वरच्या ओळीतल्या ‘गुरू’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘विद्यार्थी’च्या रफारात अडकायचा. मामा म्हणत, “बघा, गुरूने विद्यार्थ्याचा कान पकडला!” मग दहा पॉइंटाच्या अक्षराला तेरा पॉइंटाची ओळ. मजकूर कमी बसे, पण वाचला जाई.

दुसरी अडचण अरुंद कॉलमची. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘महानगरपालिकेच्या’, ‘प्रकल्पग्रस्तांसाठी’ असे दोन शब्द आले की ओळ संपली. इंग्रजीत संगणक शब्द तोडून पुढच्या ओळीत नेई. मराठीत त्याला ते येत नसे. दोन्ही कडा सरळ करायच्या म्हटल्या की शब्दांमध्ये भोकं पडत आणि ती एकाखाली एक आली की मजकुरातून पांढरा ओहोळ वाहू लागे. यावर दोनच उपाय होते : कॉलम रुंद करा, नाहीतर वाक्य बदला. वाक्य बदलायचं तर लिहिणाऱ्याला बोलवावं लागे. पान लावणाऱ्याने परस्पर वाक्य बदलायचं नाही, हा मामांचा नियम. तो मी अजून पाळते.

मोकळ्या जागेचं महत्त्व मात्र मला बेलापूर गावठाणाच्या पलीकडे, आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये कळलं. चार्ल्स कोरियांनी १९८०च्या दशकात ही वसाहत उभी केली. सात घरांच्या मध्ये आठ मीटर लांब-रुंद अंगण. असे तीन गट मिळून एकवीस घरांना आणखी मोठं, बारा मीटरचं. जागा एवढी मोलाची असून त्या माणसाने मधली जागा रिकामी ठेवली आणि घरं त्या रिकाम्या जागेवरून कळतात. कोपरा दिसला की त्यात विनोद कोंबायचा, ही आमच्या पानाची सवय त्यानंतर सुटली.

आता सगळ्यात अवघड अंकाबद्दल सांगते. तो जानेवारीचा अंक होता. कॉलेजचा महोत्सव नुकताच झालेला. पाहुण्यांचं छायाचित्र ठळक, वरती हवं, असा निरोप आलेला. त्याच वेळी बेलापूर गावात राहणाऱ्या आमच्या एका मैत्रिणीने आपल्या आज्याची हकीकत लिहून आणली. नवी मुंबईसाठी पंच्याण्णव गावांची जमीन घेतली गेली. तिला रास्त मोल मिळावं म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. १९८४च्या १६ आणि १७ जानेवारीला उरण तालुक्यात जासईच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण ठार झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना पुढे आली, ती या लढ्यातून. आजा त्या मोर्चात होता.

आमच्यातले निम्मे म्हणाले, हे आत तिसऱ्या पानावर घ्या. मामांनी वादात भाग घेतला नाही. त्यांनी कोरा डमी कागद घेतला, दुमडला आणि वाचनालयाच्या मांडणीत ठेवला. दिसत होता फक्त वरचा अर्धा भाग आणि त्यातलीही वरची पट्टी अंकाच्या नावाने खाल्लेली. “आता काय ते ठरवा,” म्हणाले.

ठरलं ते असं : पाच कॉलमांपैकी डावीकडचे तीन आज्याला, उजवीकडचे दोन पाहुण्यांना. छायाचित्रातल्या माणसाची नजर पानाच्या आत असावी, बाहेर नसावी, असा एक जुना संकेत आहे. पाहुण्यांचं डावीकडे पाहत असलेलं छायाचित्र निवडलं. पाहुणे ठळक होते, वर होते आणि थेट आज्याच्या हकिकतीकडे बघत होते. कुणाची तक्रार आली नाही.

मथळ्यात ‘प्रकल्पग्रस्तांच्या जमिनी’ हे शब्द मोठ्या अक्षरांत तीन कॉलमांत बसेनात. अक्षर लहान केलं तर घडीवरून वाचता येईना. शेवटी लेखिकेनेच सुचवलं, ‘गेलेली शेतं’. दोन शब्द, भरपूर जागा. आणि खरं सांगायचं तर आजाही ‘प्रकल्पग्रस्त’ असं कधी म्हणत नसे. तो शेतच म्हणे.

मजकूर नऊशे शब्दांचा, जागा पाचशेची. संपादक कापायला निघाला, तेव्हा मामांनी पट्टी मध्ये धरली. ज्याचं लिखाण त्याने कापावं. ती रात्री साडेनऊपर्यंत बसली. मोर्चाचं वर्णन गेलं, स्वतःच्या भावना गेल्या. शेवटी शेतांच्या नावांची यादी उरली, एकूण सात. त्यातली तीन राहिली, चार गेली. त्या चार नावांपाशी ती जितका वेळ थांबली, तितका आधीच्या चारशे शब्दांपाशी थांबली नव्हती.

त्या अंकाची सीडी माझ्याकडे आहे, पण तिचा उपयोग नाही. त्या काळचे मराठी फॉन्ट प्रत्येक कंपनीचे वेगळे, प्रत्येकाची अक्षरांची संकेतमांडणी वेगळी. तो फॉन्ट नसेल तर मजकुराच्या जागी रोमन चिन्हांचा खच दिसतो. पुढे युनिकोड रुळलं. विंडोजमध्ये आला तो ‘मंगल’ फॉन्ट र. कृ. जोशी यांनी रेखला. कवी म्हणूनही आपण त्यांना ओळखतो. ते ज्या एनसीएसटी संस्थेशी संबंधित होते ती पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली आणि सी-डॅकचं एक आवार आमच्या शेजारी, खारघर स्टेशनासमोरच आहे. पण आमच्या फायली त्याआधीच्या.

अलीकडे त्या मैत्रिणीला ती हकीकत आपल्या मुलांसाठी हवी होती. तिच्याकडे अंक होता, घडीवर फाटलेला. आम्ही दोघींनी तो समोर ठेवून युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केला. मी वाचत होते, ती टाइप करत होती. शेतांच्या नावांपाशी मी तीन नावं वाचून थांबले. ती टाइप करतच राहिली. आता खाली कॉलम संपत नव्हता. तिने उरलेली चारही घातली.