मूक पायपेटीस पुनश्च वाचा



महोत्सव आला म्हणजे जुन्या वस्तूंवर रंगाचा हात फिरतो व त्या शोभेस मांडल्या जातात. पायपेटीचे, म्हणजे ऑर्गनचे, मात्र एवढ्याने भागत नाही. जे वाद्य वाजत नाही ते केवळ लाकडी कपाट होय. म्हणून त्यास पुन्हा बोलते कसे करावे, याविषयी आज आम्ही दोन शब्द बोलणार आहोत.

ही पेटी जातीने वायुवाद्य आहे. पायडल दाबले म्हणजे आतील भाते हवा बाहेर टाकतात. मग पट्टी दाबताच झडप उघडते, बाहेरची हवा पितळी सुरांतून आत ओढली जाते आणि सूर कंप पावून नाद होतो. पॅरिसच्या दबँ याने 1842 साली ज्या हार्मोनियमचे पेटंट घेतले, तिच्यात हवा सुरांतून बाहेर ढकलली जाते. अमेरिकन पायपेटीत ती आत ओढली जाते. तिच्या स्वरातील मार्दव बहुतांशी यामुळेच आहे.

बोस्टनची मेसन अँड हॅमलिन कंपनी 1854 साली निघाली. ब्रॅटलबरोच्या एस्टी कारखान्याने तर पाच लाखांहून अधिक पायपेट्या घडविल्या. अशा पेट्या आपल्या ख्रिस्तमंदिरांत आल्या, तशाच मराठी संगीत रंगभूमीवरही मानाने बसल्या. पुढे एस्टीचा कारखाना 1960 साली बंद पडला. आज तिचा एखादा भाग मोडला तर पेढीवरून नवा मागविता येत नाही. तो हातानेच घडवावा लागतो.

तेव्हा दुरुस्तीचा पहिला नियम हा की, घाई करू नये. उघडण्यापूर्वी प्रत्येक भागाची खूण लिहून ठेवावी. बहुधा दोष सुरांत नसतो. भात्याचे रबरी कापड तडकलेले असते, झडपांचे चामडे वाळलेले असते, लोकर कसरीने खाल्लेली असते. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. न बोलणारा सूर पुष्कळदा धुळीच्या एका कणाने अडलेला असतो. तो आकड्याने अलगद ओढून मऊ कुंचल्याने साफ केला की पूर्ववत् बोलतो.

दुसरा नियम असा की, जुने अकारण घालवू नये. जोडकामास सरसच वापरावा, कारण ऊब व ओल लागताच तो सुटतो आणि पुढच्या कारागिरास पेटी न मोडता उघडता येते. सूर लावताना तर फारच जपावे. टोकाशी घासल्यास सूर चढतो, मुळाशी घासल्यास उतरतो. परंतु घासलेले पितळ परत येत नाही. काही जुन्या पेट्यांची पट्टी आजच्या मापाहून चढी असते. तिला बळेच खाली ओढण्यापेक्षा गायकांनी तिच्याशी जुळवून घ्यावे, हे उत्तम.

कोणी विचारतील, विजेवरचे स्वस्त वाद्य असताना हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. गोरगरिबांच्या गरजांपुढे लाकूड-पितळेस अग्रमान नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1963 साली नळ्यांच्या ऑर्गनचा विशेष गौरव केला, तशीच उपासनेस योग्य अशा इतर वाद्यांनाही वाट मोकळी ठेवली. म्हणून आमचा आग्रह हट्टाचा नव्हे. परंतु ज्या पेटीच्या साथीने आपल्या वाडवडिलांनी विवाहाची आणि अंत्यविधीची गीते गाइली, ती भंगारात टाकण्यापूर्वी जाणत्या माणसाकडून एकवार उघडून पाहावी, एवढेच आमचे मागणे आहे.

खडकीस तर हे मागणे जड वाटू नये. 1869 पासून येथे दारूगोळ्याचा कारखाना आहे. काडतुसांच्या पितळेची जात ओळखणारे हात या गावात पिढ्यान् पिढ्या घडले आहेत. त्या हातांनी आता सुरांच्या पितळेचीही सेवा करावी. नव्या मुलांपैकी निदान दोघांनी ही विद्या शिकावी. कारण पेटी एकदा दुरुस्त करून ती कायम राहत नाही. ती नित्य वाजवावी लागते, आणि वाजविणारा नसेल तर पुन्हा धूळ बसते.

धुळीत श्वास फुंकून मानवास जीवन देणारा प्रभू या कार्यास यश देवो, हीच प्रार्थना.